सरकणारा प्लग : पॉवर ट्रॅक कसा चालतो आणि कुठे तापतो

घरातली वीज या मालिकेत मागे आपण मीटर, एमसीबी आणि अर्थिंग यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय श्रोत्यांनीच सुचवलेला आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली भागात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतायत, आणि नव्या घराचं काम काढलं की इंटिरिअरवाला एक लांब, चपटी पट्टी दाखवतो. भिंतीवर ती आडवी बसवायची, तिच्यात सॉकेटचे छोटे डबे अडकवायचे आणि हवे तिथे सरकवायचे. हिला पॉवर ट्रॅक म्हणतात. लोक विचारतात, ही बसवावी का? एक्स्टेंशन बोर्डाचं जंजाळ तिने सुटेल का?

थोडक्यात उत्तर असं, की जंजाळ सुटेल, पण वीज वाढणार नाही. आणि एक नवीन गोष्ट घरात येईल, ती म्हणजे सरकता स्पर्श. साध्या सॉकेटमध्ये प्लग एकदा खोचला की तो तिथेच राहतो. ट्रॅकमध्ये धातूवर धातू घासत जागा बदलतो. या विषयातलं सगळं चांगलं आणि सगळं वाईट त्या नखाएवढ्या स्पर्शात आहे. आज आपण तेवढंच नीट समजून घेऊ.

डोक्यावरून जाणारा ट्रॅक

सरकता स्पर्श मुंबईकराला नवा नाही. आपण रोज लोकलने जातो तेव्हा एका भल्यामोठ्या सरकत्या प्लगखाली बसलेले असतो. वरची ओव्हरहेड वायर म्हणजे ट्रॅक, आणि गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ म्हणजे त्यातून वीज घेणारा प्लग. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावर धावली. ५ जानेवारी १९२८ पासून पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. म्हणजे अंधेरी-बोरिवलीच्या लोकांना या तत्त्वाची जवळजवळ शंभर वर्षांची ओळख आहे.

आता एक साधा प्रश्न. विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी. लोकलच्या वर तर एकच वायर दिसते, मग परतीची वाट कुठली? ती रुळांतून आहे. लोखंडी चाकं, लोखंडी रूळ, त्यामुळे खालून वाट मिळते. मुंबईची विजेवरची ट्राम १९०७ ते १९६४ अशीच चालली, वर एक तार आणि खाली रूळ. पण बेस्टने १९६२ मध्ये ट्रॉलीबस आणली, ती १९७१ पर्यंत धावली. तिला मात्र टपावर दोन दांडे आणि वर दोन तारा लागायच्या. कारण चाकं रबराची. रबरातून वीज परत जात नाही, म्हणून परतीची तारसुद्धा वरच टांगावी लागली. चेंबूरहून निघणाऱ्या मोनोरेलचंही तेच आहे. तीही रबरी चाकांवर चालते, म्हणून बीमला लागूनच वीज देणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

घरातल्या ट्रॅकला तर तीन पट्ट्या लागतात. फेज, न्यूट्रल आणि तिसरी अर्थिंगची. हा तिसरा कोणी विसरायचा नाही, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

पट्टीच्या आत काय असतं

बाहेरून दिसते ती बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी. तिला लांबीभर एक अरुंद फट असते. फटीच्या आत, खोलवर, दोन्ही बाजूंना खाचा असतात आणि त्या खाचांमध्ये प्लास्टिकच्या आवरणात तांब्याच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. फटीतून बोट आत जात नाही, आणि पट्ट्या समोर नसून बाजूला वळणात असल्यामुळे सरळ घातलेली वस्तू त्यांना सहसा लागत नाही. म्हणून ट्रॅक उघडा दिसला तरी उघड्या वायरसारखा नसतो.

ॲडॅप्टर म्हणजे तो सरकणारा डबा. त्याच्या मागे एक दांडी असते आणि दांडीवर धातूच्या जिभा. चांगल्या ट्रॅकमध्ये ही दांडी सरळ फटीत घालायची आणि मग डबा पाव फेरा फिरवायचा. फिरवला की जिभा बाजूच्या पट्ट्यांवर जाऊन दाबून बसतात. यात क्रम महत्त्वाचा आहे. अर्थिंग आधी जुळलं पाहिजे, नंतर फेज आणि न्यूट्रल. काढताना उलट, अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटलं पाहिजे. आपल्या नेहमीच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन लांब का असते, याचं कारण हेच आहे.

याच कुळातली आणखी भावंडं आपल्या आजूबाजूला आहेत. कपड्यांच्या दुकानात छताला काळी पट्टी असते आणि तिच्यावर दिवे पुढे-मागे करता येतात. तो दिव्यांचा ट्रॅक. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक वेगळं आहे, आयईसी ६०५७०, आणि सॉकेटवाल्या पॉवर ट्रॅकचं वेगळं, आयईसी ६१५३४. दिव्याच्या ट्रॅकवर किटली चालवायची नाही, एवढं त्यातून लक्षात ठेवायचं. कारखान्यात वर चालणाऱ्या क्रेनला वीज देणाऱ्या बंद पट्ट्या असतात, कामगार त्यांना डीएसएल म्हणतात. आणि उंच टॉवरच्या डक्टमधून खालपासून वरपर्यंत जाणारं बसबार ट्रंकिंग असतं, ज्यातून प्रत्येक मजल्यासाठी टॅप-ऑफ बॉक्सने वीज काढतात. क्रेनचा स्पर्श चालू विजेवर सरकण्यासाठीच बनवलेला असतो. टॅप-ऑफ बॉक्स मात्र जागा बदलू शकतो, पण सरकत नाही. घरचा ट्रॅक घेताना नेमका हाच फरक विचारायचा.

सरकवणं दोन प्रकारचं

बाजारात दोन तऱ्हेचे ट्रॅक मिळतात. पहिल्यात ॲडॅप्टर उलटा फिरवून बंद करायचा, मग सरकवायचा, मग पुन्हा फिरवून चालू करायचा. दुसऱ्यात तो चालू असतानाच घसरत जातो. दुसरा दाखवायला भारी वाटतो. दुकानात विक्रेता तोच सरकवून दाखवतो.

पण चालू लोडवर स्पर्श हलला की काय होतं? जीभ क्षणभर पट्टीवरून उचलली जाते आणि त्या बारीक फटीतून ठिणगी उडते. पावसात लोकलच्या पेंटोग्राफपाशी निळी ठिणगी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, तीच ही, लहान आकाराची. प्रत्येक ठिणगी धातूवर एक बारीक खड्डा आणि काळा थर ठेवून जाते. पुढच्या वेळी स्पर्श थोडा अधिक वाईट.

रेल्वेने यावर काय काय केलंय ते बघा. पेंटोग्राफच्या माथ्यावर कार्बनची पट्टी असते, म्हणजे झीज झाली तर स्वस्तातल्या पट्टीची व्हावी, वायरची नको. ओव्हरहेड वायर रुळांच्या मधोमध सरळ जात नाही, ती किंचित नागमोडी नेलेली असते, म्हणजे पट्टी एकाच जागी कापली जाऊ नये. आणि एसी मार्गावर जिथे दोन वेगवेगळे फेज भेटतात तिथे मध्ये वीज नसलेला तुकडा असतो. तिथे पोचण्याआधी मोटरमन गाडीचा लोड बंद करतो, गाडी वेगाच्या जोरावर पुढे जाते आणि मग पुन्हा वीज घेते. इतकी काळजी घेणारी व्यवस्थासुद्धा नाजूक जागी लोड बंद करूनच पुढे जाते. मग आपण स्वयंपाकघरात चालू मिक्सरसकट डबा ओढायचं काय कारण? आमचं सांगणं सरळ आहे. ट्रॅक कुठलाही असो, आधी उपकरण बंद करा, मग सरकवा.

स्पर्श सैल झाला की

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. धातूला धातू लागला की तिथे थोडासा विरोध असतोच. चांगल्या दाबाच्या, स्वच्छ स्पर्शात तो नगण्य असतो. दाब कमी झाला, काळा थर चढला, गंज आला की तो वाढतो. उष्णता किती होणार हे काढायला करंटचा वर्ग करायचा आणि विरोधाने गुणायचं.

समजा स्पर्शाचा विरोध ०.०१ ओहम आहे आणि १६ अँपिअर करंट जातोय. १६ गुणिले १६ म्हणजे २५६, त्याचा शंभरावा भाग म्हणजे अडीच वॅट. चालून जाईल. आता तोच विरोध ०.१ ओहम झाला. उष्णता झाली २५.६ वॅट. ही किती? रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची साधी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. तेवढ्यात शिसं-कथील वितळतं. ती इस्त्री तुमच्या भिंतीवरच्या प्लास्टिकच्या डब्यात बंद करून ठेवली आहे असं समजा.

आणि यातली खरी गोम अशी, की एमसीबीला हे कळतच नाही. स्पर्श सैल झाल्याने करंट वाढत नाही, उलट कणभर कमीच होतो. १६ अँपिअरला ०.१ ओहमवर फक्त १.६ व्होल्ट पडतात, म्हणजे गिझर नेहमीसारखाच पाणी तापवतो. ईएलसीबीलाही कळत नाही, कारण वीज जमिनीत गळत नाहीये. पेटीतली दोन्ही सुरक्षा-साधनं शांत बसलेली आणि डबा आतून भाजतोय. हे ओळखायला आपल्याकडे नाक, डोळे आणि हात एवढंच आहे. जळकट वास, पिवळं-तपकिरी पडलेलं प्लास्टिक, हाताला गरम लागणारा डबा, मध्येच चरचर आवाज. यातलं एक जरी दिसलं तरी आधी एमसीबी पाडायचा, मग बाकीचा विचार.

स्पर्श पूर्ण सुटला तर काय होतं याचं उदाहरण सगळ्या शहराने पाहिलं. १९ ऑगस्ट २०२५ ला मुसळधार पावसाने हार्बर मार्ग बंद पडला आणि गर्दी मोनोरेलकडे वळली. संध्याकाळी चेंबूर आणि भक्ती पार्कच्या दरम्यान, म्हैसूर कॉलनीजवळ गाडी उंचावर थांबली. अग्निशमन दलाने पाचशेहून जास्त प्रवाशांना शिड्या लावून खाली काढलं. एमएमआरडीएने कारण सांगितलं ते आपल्या विषयाचंच आहे. गाडीची क्षमता सुमारे १०४ टनांची, वजन झालं सुमारे १०९ टन, आणि त्या जादा वजनाने वीज देणारी पट्टी आणि वीज घेणारा भाग यांच्यातला स्पर्शच तुटला. वीजपुरवठा होता, पट्टी होती, गाडीही होती. नव्हता तो फक्त स्पर्श. दोन भागांनी एकमेकांसमोर ठरलेल्या अंतरावर राहायला हवं, ते अंतर बिघडलं.

घरात हे वजन कुठून येतं? भिंतीवरच्या डब्यात मोबाइलचा जड चार्जर, त्यावर आणखी एक थ्री-पिन, त्यात आणखी एक. सगळा भार खाली लोंबतो, दांडी वाकडी होते, आणि वरची जीभ पट्टीवरून किंचित सुटते. पूर्ण सुटली तर उपकरण बंद पडतं, ते परवडलं. अर्धवट सुटली तर तापते.

ट्रॅक लांब झाला म्हणून वीज वाढत नाही

दुसरा गैरसमज. ट्रॅकवर सहा डबे बसतात, म्हणजे सहा उपकरणं चालतील असं वाटतं. बसणं आणि चालणं यात फरक आहे. हिशेब करू. किटली १,५०० वॅट, इंडक्शन २,०००, मायक्रोवेव्ह १,२००, मिक्सर ७५०. बेरीज ५,४५० वॅट. २३० व्होल्टने भागलं की जवळजवळ २४ अँपिअर. मागे एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर तो पडणार, पण लगेच नाही. क्षमतेच्या १.४५ पट करंटला एमसीबीने तासाभराच्या आत पडावं, एवढीच मानकाची अपेक्षा आहे. आपले २४ अँपिअर त्याच हद्दीत आहेत. तेवढा वेळ वायर, जोड आणि जिभा तापत राहतात.

मग काही जण काय करतात? एमसीबी सारखा पडतो म्हणून ३२चा बसवून घेतात. एमसीबी उपकरणासाठी नसतो, तो वायरीला जपतो. भिंतीत अडीचची वायर तीच राहिली आणि पहारेकरी तेवढा ढिला केला, तर आता वायर जळेपर्यंत कोणी थांबवणार नाही. ट्रॅकवर ३२ अँपिअर छापलंय, हेही उत्तर नाही. ट्रॅक, मागची वायर, एमसीबी आणि प्रत्येक डबा, या चौघांत ज्याची क्षमता सगळ्यात कमी तीच तुमची क्षमता.

रेल्वेपुढेही हाच पेच होता. समजा एका गाडीला ३० लाख वॅट लागतात. १,५०० व्होल्टवर त्याचे २,००० अँपिअर होतात, २५,००० व्होल्टवर फक्त १२०. म्हणून मुंबईच्या लोकलसाठी १,५०० व्होल्टची डीसी बदलून २५,००० व्होल्टची एसी आणली. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये पूर्ण झालं, मध्य रेल्वेच्या हार्बरवर २०१६ मध्ये. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो तर २०१४ मध्ये सुरू झाली तीच २५,००० व्होल्टवर. रेल्वेने व्होल्टेज वाढवून करंट कमी केला. आपल्याला घरात ते शक्य नाही, २३० म्हणजे २३०. मग आपल्या हातात एकच उपाय, करंट वाटून देणं. एसी, गिझर, इंडक्शन यांना स्वतःची वायर, स्वतःचा एमसीबी आणि भिंतीत पक्का पॉवर पॉइंट. ट्रॅकवर मिक्सर, टोस्टर, चार्जर, लॅपटॉप, टेबलफॅन अशी येणारी-जाणारी मंडळी.

ओटा, वाफ आणि खारी हवा

मुंबईत ट्रॅक सगळ्यात जास्त बसतो तो ओट्यावर. तिथे कुकरची वाफ, फोडणीचं तेल आणि पाणी. फोडणीच्या तेलाचा थर फटीत जातो, त्यावर धूळ चिकटते. झुरळाला तर उबदार, अंधारी फट आवडतेच. वर्सोवा, गोराईसारख्या खाडी-समुद्राच्या काठी हवेत मीठही असतं, तांबं लवकर काळवंडतं. म्हणून ट्रॅक गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर नको आणि सिंकच्या बाजूला नको. फट वर तोंड करून, म्हणजे ओट्यात आडवी पुरून बसवायची तर सांडलेलं पाणी सरळ आत जाणार, तेही टाळावं. भिंतीवर उभ्या पृष्ठभागावर बसवलेला बरा. दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं ट्रॅकवरून फिरवायचं नाही. आधी त्याचा एमसीबी बंद, मग कोरडं फडकं.

आता तिसरी पट्टी, अर्थिंगची. ट्रॅकची बाहेरची पट्टी धातूची आहे हे विसरू नका. आत फेज निसटून तिला लागला आणि अर्थिंग नसेल, तर अख्खी पट्टी जिवंत होते, आणि ओट्याशी ओले हात घेऊन उभं राहणारं माणूस घरातलंच असतं. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. अशा घरात आधी अर्थिंग, त्यावर ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, आणि त्यानंतर ट्रॅक. हा क्रम उलटा करू नका. मुलुंडला महावितरण असो, बोरिवलीला अदानी किंवा टाटा असो, मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची. ती तपासायला लायसन्स असलेला कॉन्ट्रॅक्टरच बोलवा.

घेताना डबा हातात घेऊन बघा. आपल्याकडचे प्लग आयएस १२९३ प्रमाणे ६ आणि १६ अँपिअरचे, गोल पिनांचे. बाहेरच्या देशातल्या डब्यांना कुठलाही प्लग घेणारी भोकं असतात. त्यांत १६चा जाड प्लग जातच नाही, आणि ६चा गेला तरी सैल बसतो. सैल म्हणजे काय, ते आपण मघाशी पाहिलं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आमची घाटकोपरची खोली जुनी आहे. ट्रॅकला वायर आणि प्लग लावून तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचला तर?*

मग तो ट्रॅक राहिला नाही, दिसायला बरा असा एक्स्टेंशन बोर्ड झाला. त्याची क्षमता त्या एका प्लगची. चार्जर आणि टीव्हीसाठी चालेल. इस्त्री आणि किटली एकत्र नको.

*आई सत्तरीच्या पुढे आहेत, वाकून प्लग लावता येत नाही. त्यांच्यासाठी उपयोग होईल का?*

हा आम्हाला ट्रॅकचा सगळ्यात खरा उपयोग वाटतो. पलंगाच्या बाजूला कमरेच्या उंचीवर ट्रॅक असेल तर नेब्युलायझर, दिवा, फोन हाताशी येतात आणि जमिनीवर वायर आडवी राहत नाही. पडण्याची भीती तेवढी कमी. त्यांना फक्त फिरवायचा डबा हाताने फिरवता येतो ना, हे घेण्याआधी करून बघा.

*किती दिवसांनी तपासायचा?*

जोरात लोड चालवून पंधरा मिनिटांनी डब्याच्या प्लास्टिकवर हात ठेवा, हे महिन्यातून एकदा. कोमट असेल तर ठीक, हात काढून घ्यावासा वाटला तर तो डबा बाद. आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, वायरमनकडून वीज बंद करून पट्टीच्या टोकाचे स्क्रू आवळून घ्या. सरकणाऱ्या जिभांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण मुख्य वायर जिथे ट्रॅकला जोडलेली असते त्या स्क्रूमधून सगळ्या डब्यांचा करंट एकत्र जातो. तो सैल राहिला तर बाकी काळजी घेऊन उपयोग नाही.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी एका श्रोत्याने विचारलेला विषय घेऊ, इमारतीच्या मीटर-रूमचा. तिथे सोसायटीची जबाबदारी कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते, ते बघू.